लेखणी आणि मूषक : घरच्या संगणकाची बिनतारी जोडी

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना हसू आले असेल. गणेशोत्सवात कीर्तन, व्याख्यान, नाट्यप्रवेश हे सगळे ठीक. पण कीबोर्ड आणि माऊस यांवर कसले भाषण? आमचे म्हणणे असे, की या विषयाला याहून योग्य मुहूर्त नाही. बाप्पा हा लेखनिक. व्यासांनी सांगितले आणि त्याने महाभारत लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. लेखणी मध्ये थांबता कामा नये, ही त्याची अट. आणि त्याच्या पायाशी कोण? मूषक. लिहिण्याचे साधन आणि उंदीर ही जोडी आपल्या घरात संगणकाच्या फार आधीपासून आहे!

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही मंडळातले तीन सभासद. तिघेही चाळिशीतले, राज्य सरकारच्या नोकरीत, डिप्लोमा केलेले. मोठे तज्ज्ञ नव्हे. पण सभासदांच्या घरी संगणक अडला की फोन येतो आणि आम्ही रविवारी सकाळी जाऊन बघतो. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या जुन्या घरांतून आणि शहराबाहेरच्या नव्या फ्लॅटमधून फिरताना जे दिसले, ते एकाने तिघांच्या वतीने सांगायचे ठरले आहे.

दिसले ते असे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी असतात. दिवाळीला येतात, आईबाबांसाठी वायरलेस कीबोर्ड-माऊसची जोडी आणतात, लावून देतात आणि परत जातात. पंधरा दिवसांनी बाण अडखळू लागतो, अक्षरे गळू लागतात. मग आईबाबा ठरवून टाकतात, की आता आपले वय झाले, हे आपल्याला जमणार नाही. संगणकावर कापड पडते. दोष असतो मांडणीचा आणि बोल लागतो वयाला. हा बोल खोडून काढावा, एवढ्यासाठीच आज उभे आहोत.

प्रथम, वायर काढली म्हणजे नेमके काय केले, ते पाहू. माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले. त्या यंत्राला वायर होती. आजचा माऊसही मुळात तेच काम करतो. आपण कुठे आहोत हे तो सांगत नाही; मघापेक्षा किती उजवीकडे, किती खाली सरकलो, एवढेच सांगतो. कीबोर्डला तर अक्षरही ठाऊक नसते. अमुक क्रमांकाची कळ दाबली, अमुक सोडली, एवढाच निरोप तो देतो. त्या कळेचा 'के' करायचा की 'क', ते संगणक ठरवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

हे निरोप पूर्वी वायरमधून जात, आता रेडिओलहरींवरून जातात. सुरुवातीचे बरेच बिनतारी संच २७ मेगाहर्ट्झवर चालत. त्यांची पोच थोडी, चॅनेल मोजके. शेजारी तसाच संच असला तर गोंधळ व्हायचा. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्या देशात २००५ च्या नियमांनी हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. म्हणूनच आपल्याला माऊस वापरायला कोणाचा परवाना काढावा लागत नाही. मात्र जिथे परवाना नाही तिथे गर्दी असते. घरचे वायफाय बहुधा त्याच पट्ट्यात, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. मंगळबाजारात सगळ्यांनी एकदम बोलावे आणि त्यातून आपण आपल्या माणसाचा आवाज ओळखावा, असा हा प्रकार.

बाजारात जोडी तीन तऱ्हांनी मिळते.

पहिली, एकाच पेटीत कीबोर्ड आणि माऊस, आणि दोघांत मिळून नखाएवढा एक रिसीव्हर. हा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत खोचला की काम सुरू. घरच्या टेबलावरच्या संगणकाला ही तऱ्हा सर्वांत सोपी. त्या कीबोर्डची त्या रिसीव्हरशी ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमध्ये हुबेहूब तसाच संच असला, तरी त्यांची अक्षरे तुमच्या पडद्यावर येत नाहीत. धोका एकच : रिसीव्हर हरवला तर बहुतेक संचांत दोन्ही वस्तू निकामी. प्रवासाला जाताना तो माऊसच्या पोटात, सेलच्या शेजारी ठेवायची जागा अनेकदा केलेली असते. ती शोधून ठेवा.

दुसरी, कीबोर्ड एकदा घेतला, माऊस नंतर घेतला, म्हणून दोन वेगळे रिसीव्हर. यात चूक काही नाही, पण यूएसबीच्या दोन खाचा अडतात आणि कुठला रिसीव्हर कशाचा ते कळत नाही. त्यावर बारीक चिठ्ठी चिकटवा. काही कंपन्यांनी एका रिसीव्हरवर अनेक उपकरणे घेण्याची सोय केली आहे. लॉजिटेकचा २००९ सालचा युनिफाइंग रिसीव्हर एका वेळी सहा उपकरणे सांभाळतो. पण ती उपकरणे त्याच कंपनीची आणि त्याच जातीची लागतात. एकाचा माऊस दुसऱ्याच्या रिसीव्हरला चालत नाही.

तिसरी तऱ्हा ब्लूटूथची. यात वेगळा रिसीव्हर नको, पण संगणकात ब्लूटूथ हवे. लॅपटॉपमध्ये ते असते, टेबलावरच्या जुन्या संगणकात बहुधा नसते. गर्दीतून वाट काढायची ब्लूटूथची युक्ती मोठी गमतीची आहे. मूळ ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळापर्यंत उड्या मारत बोलते. एका जागी गोंगाट असला तर पुढच्या क्षणी ते दुसरीकडे असते. त्याची अडचण वेगळीच. संगणक पुरता जागा होईपर्यंत ब्लूटूथ कीबोर्ड अनेकदा मुका असतो. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर 'अमुक कळ दाबा' असे आले, तर तो दाबणार कसा? म्हणून सांगतो, जुना वायरचा कीबोर्ड भंगारवाल्याला देऊ नका. कपाटात राहू द्या. अडीनडीला तोच धावून येतो.

आता अक्षरे गळण्याचा प्रकार. आपल्याच एका निवृत्त शिक्षिका काकू नातवंडांसाठी आठवणी लिहीत होत्या. नवा बिनतारी संच आला आणि लिखाण बिघडले. मात्रा गळायच्या, वेलांट्या गळायच्या, मध्येच एखादे अक्षर सात-आठ वेळा उमटायचे. काकू म्हणाल्या, "अरे, आता माझी बोटंच थरथरतात, राहू दे." आम्ही टेबलाखाली वाकून पाहिले. सीपीयूचा पत्र्याचा डबा भिंतीला लागून, रिसीव्हर त्याच्या मागच्या बाजूला, आणि त्याला अगदी खेटून बाहेरची हार्ड डिस्क. आम्ही एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डपासून हातभर अंतरावर आणून ठेवला. त्या क्षणापासून एकही मात्रा गळली नाही. बोटे ठणठणीत होती!

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक तर पत्रा रेडिओलहरी अडवतो. आणि दुसरे, यूएसबी ३.० ची वायर आणि खाच, जिच्या आत बहुधा निळे प्लास्टिक दिसते, तिच्यातून माहिती इतक्या वेगाने धावते की तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर एक टिपणच प्रसिद्ध केले होते. हार्ड डिस्कच्या शेजारी बसलेल्या रिसीव्हरची अवस्था ढोल-ताशाच्या पथकात उभे राहून फोनवर बोलणाऱ्या माणसासारखी होते. कळ दाबल्याचा निरोप हरवला की अक्षर गळते. कळ सोडल्याचा निरोप हरवला की संगणकाला वाटते, ती अजून दाबलेलीच आहे, आणि तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटते.

म्हणून नवा संच बिघडल्यासारखा वाटला तर दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी करा. रिसीव्हर सीपीयूच्या पुढच्या खाचेत लावा किंवा एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणा. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह त्याच्यापासून दूर लावा. वायफायचा राऊटर टेबलावर शेजारीच असेल तर तो हलवा. त्यात ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन आणि लॅपटॉप तिकडे वळवा. आणि माऊस काचेच्या टेबलावर फिरवत असाल तर खाली एक जाड कागद ठेवा, कारण साध्या प्रकाशाच्या माऊसला पारदर्शक काचेवर काही दिसत नाही. हे सगळे करूनही सुधारले नाही, तर मग सेल बदला. तेवढ्यानेही भागले नाही, तरच दुकान.

सेलचे बोललो, तर तेही सांगून टाकतो. ही जोडी सेल मात्र सारखे खात नाही. कीबोर्ड कळ दाबली तरच बोलतो, एरवी झोपलेला. माऊसच्या पोटात दिवा, आणि हलत असताना तो साधारण सेकंदाला सव्वाशे वेळा निरोप पाठवतो. त्यामुळे माऊसचा सेल आधी संपणार, हे धरूनच चाला. सेल घालताना जुना आणि नवा एकत्र घालू नका. मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणार असाल, तर निघण्यापूर्वी दोन्हींतले सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल पडून राहिले की फुटून आतला क्षार पाझरतो आणि पत्र्याच्या पट्ट्या पांढऱ्या होतात. तसे झालेच, तर सेल काढून कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन त्या पट्ट्या पुसा, नीट वाळू द्या. अनेकदा संच पुन्हा चालू लागतो. हात मात्र धुवा, तो क्षार त्वचेला चांगला नाही.

आणि ऐन वेळी दोघांपैकी एक बंद पडला तर? इथे ही जोडी खरी जोडी ठरते, कारण एकाचे काम दुसरा करू शकतो. कीबोर्ड मुका झाला तर विंडोजमध्ये पडद्यावर कीबोर्ड उघडतो, माऊसने एकेक अक्षर टिपायचे. पासवर्ड मागणाऱ्या पहिल्या पडद्यावरही उजव्या कोपऱ्यात खाली त्याची खूण असते. उलट माऊस बंद पडला, तर डावीकडचे आल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकदम दाबायच्या आणि विचारले की 'हो' म्हणायचे. मग उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण चालतो आणि पाचाच्या कळेने क्लिक होते. म्हणून ज्येष्ठांसाठी कीबोर्ड घेताना आकड्यांच्या वेगळ्या कळा असलेला घ्यावा. दिसायला आटोपशीर म्हणून छोटा घेऊ नये.

आता जरा गंभीर मुद्दा. कीबोर्डवरून आपण फक्त आठवणी लिहीत नाही. बँकेचा पासवर्डही लिहितो. वायर असताना तो वायरीतच राहत असे. आता तो हवेतून जातो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी 'माऊसजॅक' या नावाने दाखवून दिले, की ब्लूटूथ नसलेल्या कित्येक नामांकित संचांच्या रिसीव्हरला लांबून खोट्या कळा पाठवता येतात. माऊसचे निरोप कुलूपबंद नसत, आणि त्या उघड्या दारातून कीबोर्डच्या कळाही आत घुसत. त्याच वर्षी जुलैत त्यांनी 'कीस्निफर' जाहीर केले. आठ कंपन्यांचे स्वस्त कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ अजिबात न झाकता पाठवत होते, आणि २५० फुटांपर्यंत कोणी यंत्र घेऊन बसला तर तो ती वाचू शकत होता.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आपल्या गल्लीत कोणी असे यंत्र घेऊन बसला असेल, असे आम्हाला वाटत नाही. घरबसल्या येणारे फसवे फोन त्याहून कितीतरी मोठा धोका आहेत. पण खरेदी करताना पेटीवर एक गोष्ट वाचा : '१२८ बिट एईएस एन्क्रिप्शन' असे छापले आहे का? याचा अर्थ कीबोर्डचे निरोप कुलूपबंद होऊन जातात. तसे काही लिहिले नसेल आणि कीबोर्ड ब्लूटूथही नसेल, तर तो गाणी लावायला, पत्ते खेळायला घ्या. बँकेसाठी मात्र कपाटातला वायरचा कीबोर्ड काढा. पंधरा मिनिटांचे काम आहे. आणि कंपनीने संचासाठी सुधारणा काढली असेल, तर पुढच्या वेळी मुले आली की ती घालून घ्या.

याच वायरच्या कीबोर्डचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. एका संगणकाला दोन कीबोर्ड आणि दोन माऊस एकाच वेळी लावता येतात, हे फार थोड्यांना माहीत असते. काही बसवावे लागत नाही, काही बिघडत नाही. दोन्ही माऊस एकच बाण हलवतात, दोन्ही कीबोर्ड एकाच ठिकाणी लिहितात. आता शिकवण्याचा प्रसंग आठवा. आजोबा खुर्चीत, नातू शेजारी. आजोबा बाण शोधताहेत. नातू दोन सेकंद थांबतो आणि "द्या इकडे" म्हणून माऊस त्यांच्या हातातून घेतो. खटखट करतो आणि म्हणतो, "झालं, बघा." आजोबांनी काय बघितले? काही नाही. दोन-चार वेळा असे झाले की ते विचारायचेच सोडतात.

त्याऐवजी वायरचा संच टेबलावर शिकवणाऱ्याकडे राहू द्या आणि बिनतारी जोडी शिकणाऱ्याच्या हातात द्या. शिकवणाऱ्याने बाण योग्य जागेच्या जवळ नेऊन सोडायचा. क्लिक शिकणाऱ्यानेच करायचे. हातातली वस्तू कोणी काढून घेत नाही. मोटार शिकवणाऱ्याच्या पायाशी जसा दुसरा ब्रेक असतो, तसेच हे. शिवाय वायर नसल्यामुळे कीबोर्ड मांडीवर घेता येतो, माऊस डाव्या हाताला ठेवता येतो. खांदा दुखणाऱ्याला, संधिवात असणाऱ्याला ही मोठी सोय आहे. बाणाचा वेग कमी करा, आकार मोठा करा, डबल क्लिकची गती मंद करा. सेटिंगमध्ये हे सगळे आहे आणि एकदाच करावे लागते.

आता मघाचा मुद्दा. कीबोर्डला अक्षर ठाऊक नसते, फक्त कळ ठाऊक असते. त्यामुळे कीबोर्ड कुठलाही घ्या, त्यावर मराठी अक्षरे छापलेली नसली तरी मराठी लिहिता येते. आपल्या देशात इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी आहे आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'के'च्या कळेवर क, शिफ्टबरोबर ख. 'एच'वर प, शिफ्टबरोबर फ. आणि तिची खुबी अशी, की बहुतेक भारतीय लिप्यांना मांडणी एकच. आम्ही दिवसभर कचेरीत गुजराती लिहितो. संध्याकाळी घरी येऊन विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा मराठी करतो, आणि बोटे त्याच जागी राहतात. तिथे क दाबला की शिरोरेषेशिवाय उमटतो, इथे शिरोरेषेसह. 'एन'वर ल आणि शिफ्टबरोबर ळ, दोन्ही भाषांत.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांना याची किंमत वेगळी सांगायला नको. आपली मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकली. मराठी बोलतात, समजतात, पण लिहायचे म्हटले की अडखळतात. ज्यांनी गुजराती टंकलेखन इनस्क्रिप्टने शिकले आहे, त्यांच्या बोटांना मराठी आधीच येते. त्यांना फक्त सांगायला हवे. आणि घरातल्या ज्येष्ठांकडे तर सगळा ऐवज आहे. मोडी वाचणारे हात अजून काही घरांत आहेत, कुळाचार तोंडपाठ असणाऱ्या आजी आहेत, जुन्या बडोद्याच्या गोष्टी सांगणारे आजोबा आहेत. हे सगळे त्यांनी स्वतः, आपल्या सवडीने, कोणाची वाट न पाहता लिहावे, असे आम्हाला वाटते. रोज अर्धे पान लिहिले तरी वर्षाला पावणेदोनशेहून जास्त पाने होतात. त्यासाठी लागते काय? नीट निवडलेला कीबोर्ड, नीट ठेवलेला रिसीव्हर, दोन जादा सेल आणि हातातून माऊस न हिसकावणारा एक नातू.

आमच्याकडून एवढेच सांगतो : ज्यांच्या संगणकावर कापड पडले आहे, त्यांनी आरतीनंतर आम्हा तिघांपैकी कोणालाही गाठावे. पुढच्या रविवारी एक्स्टेन्शन वायर खिशात घालून येऊ. चहा मात्र द्यावा लागेल.

बाप्पाच्या अटीप्रमाणे कोणाचीही लेखणी मध्ये न थांबो, हीच प्रार्थना. 

गणपती बाप्पा मोरया!